टाळू

फ्रीजवर पालिकेचं पत्र आहे :
पाळणाघरात जागा मिळेल,
मुलगी अठरा महिन्यांची झाली की.
स्वाला आज नऊ महिन्यांची.
माझी रजा शुक्रवारी संपते.
नऊ पोटात, नऊ मांडीवर,
आणि पुढचे हे नऊ
कोणाच्या हातात, ते पत्रात नाही.

सासूबाई म्हणतात, माझ्याकडे ठेव.
त्या बोगद्यापलीकडे राहतात, बोलुंगार्विकला.
चार वाढवली, म्हणतात, चारही जगली.
त्यांच्या हिशोबात याहून जास्त काही मांडत नाहीत.
पण परवा तिला उचलताना
त्यांनी टेबलाची कड धरली,
मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं,
मग आम्ही दोघी हवामानावर बोललो.

स्टेइनार बोटीवरून फोन करतो.
एक महिना समुद्र, एक महिना घर, असं त्याचं चालतं.
आवाज तुटत तुटत आला :
मीच सोडतो बोट.
त्याने हे म्हणावं म्हणून आठ महिने वाट पाहिली होती.
म्हणाला, तर मला राग आला.
घराचे हप्ते कोण भरणार, असं विचारलं मी.
हप्त्यांचं नव्हतं ते.

धाकटी बहीण रेक्याविकहून लेख पाठवते :
पहिली तीन वर्षं, मेंदू, अमुक टक्के.
दुसऱ्या दिवशी बरोबर उलटं सांगणारा लेख,
खाली हसरा चेहरा.

काल हाल्फ्रिदुरकडे जाऊन आले.
तिच्यासारख्या बायकांना इथे 'दिवस-आई' म्हणतात.
अर्धं गाव तिच्या अंगणात चालायला शिकलंय;
बँकेचा मॅनेजर अजूनही
ती दिसली की मफलर नीट करतो.
बाहेर पाच बाबागाड्या, उणे चार,
पाच पोरं गाढ झोपलेली, नाकं तेवढी उघडी.
वर डोंगर.
डोंगरावर हिमलोट अडवायच्या भिंती.
मी मोजत होते, ते तिने ओळखलं.
म्हणाली, मीही मोजायचे.

प्रश्न लिहून नेले होते.
रडली तर किती वेळ रडू देतेस?
तुला ताप आला तर?
शेवटचा कागदावर नव्हता :
तिने इथे पहिलं पाऊल टाकलं, तर मला सांगशील?
तिने कॉफी ओतली, आधी माझी, मग तिची.
"नाही सांगत.
तू घरी पाहशील, तेच पहिलं."

यावर मला काय वाटायला हवं होतं
ते अजून कळलेलं नाही.

कामावर आम्ही कॉडची कातडी धुतो,
खवले काढतो, वाळवतो, पाकिटात बंद करतो.
दूर कुठेतरी भाजलेल्या माणसाच्या जखमेवर ती ठेवतात,
आणि अंग तिला परकी म्हणत नाही,
तिच्याच आधाराने स्वतःची वाढवत जातं.
बारा वर्षं पाहुण्यांना हे समजावून सांगतेय.
पाठ आहे मला.

स्वाला तिच्याकडे गेली.
रडेल अशी तयारी करून आले होते मी,
खिशात रुमाल, तोंडात दोन वाक्यं.
तिने चष्म्याची दोरी पकडली, तोंडात घातली,
मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.
तेवढ्यात बाहेर कुणाचं तरी पोर रडलं.
माझं नव्हतं.
तरी पान्हा फुटला, स्वेटर भिजला,
आणि हाल्फ्रिदुर माझीला कडेवर घेऊन
त्या दुसऱ्याकडे गेली.
मी खुर्चीत बसून राहिले,
भलत्याच्या भुकेने ओली.

पुढच्या आठवड्यात ऊन येईल,
दोन महिन्यांनी, खाचेतून, काही मिनिटं.
गावभर पॅनकेकचा वास सुटेल.
मी कामावर असेन.
ती खिडकीशी असेल, कोणाच्या तरी कडेवर,
डोळे बारीक करून.

रात्री तिच्या टाळूवर बोट ठेवते.
अजून भरलेली नाही.
आत काहीतरी टकटकत राहतं,
माझं बोट तिथे असलं काय, नसलं काय.

फॉर्मात शेवटचा रकाना :
बाळाला काय आवडतं.
परवापर्यंत सगळं माहीत होतं मला.
लिहिते :
चष्म्याची दोरी.